एका बोटाने सरकणारं दार

आर्किटेक्टबाईंना त्या दिवशी काहीही करून होकार मिळवायचा होता. नवरा-बायकोचं मिळून छोटंसं ऑफिस, त्यात हे एकच मोठं काम, आणि तेच अडून बसलेलं. घरमालक पूर्व म्हणाले की घरमालकीणबाई पश्चिम म्हणायच्या. नकाशे बदलून बदलून बाईंचे हात दुखायला लागले होते. शेवटी गवंडीही वैतागला. "बाई, उद्यापर्यंत ठरलं नाही तर मी माणसं घेऊन दुसऱ्या साइटवर चाललो."

म्हणून बाईंनी जोडप्याला अर्धवट घरातच बोलावलं. सुरुवात तरी गोड व्हावी, म्हणून पूर्ण झालेली एकुलती एक गोष्ट आधी दाखवायची ठरवली: कोठीच्या खोलीचं सरकतं दार. त्याला आतून ना मूठ, ना कडी. "आतून धरायला काही नको?" असं बाईंच्या नवऱ्याने विचारलं होतं. "कोठीत कोण राहायला जाणार आहे?" म्हणून बाईंनी त्याला गप्प केलं होतं.

"बघा, एका बोटाने सरकतं," तिघं आत आल्यावर बाई म्हणाल्या. दार अलगद सरकलं आणि भिंतीच्या खाचेत चपखल बसलं.

"वा!" घरमालक म्हणाले. "आता उघडून दाखवा."

बाईंनी बोट लावलं. मग दहाही बोटं लावली. मग खांदा. फटीत नखसुद्धा शिरेना.

"फोन करा ना कुणाला तरी," घरमालकीणबाई म्हणाल्या.

"माझा बाहेर विटांवर राहिलाय," बाई म्हणाल्या.

"माझा गाडीत," घरमालक म्हणाले. "तुझा?"

"पर्समध्ये. पर्स बाहेर."

गवंडी जेवायला गेलेला. हाका मारून तिघांचे घसे बसले, आणि मग नेहमीचं सुरू झालं.

"तुला कोठी मोठी हवी होती ना? घे, बस आता!"

"मोठी? तिघांत श्वास घ्यायला पाळी लावावी लागतेय! म्हणून म्हणत होते, तुमच्या अभ्यासाच्या खोलीतली थोडी जागा इकडे द्या."

"तिथे मी वाचणार आहे."

"पेपर तोंडावर घेऊन झोपणार आहात. ते हॉलमध्येही जमेल."

एरवी गाडी इथवर आली की दोघांपैकी एक जण तणतणत निघून जायचा. आज निघायची सोय नव्हती. घरमालक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पण भिंतीकडे तरी माणूस किती वेळ बघणार?

"घे हातभर," ते अखेर पुटपुटले. "पण खिडकी मला मोठी पाहिजे."

"घ्या की! माझं खिडकीशी काय वैर आहे?"

बाईंनी श्वास रोखला. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल हळूच काढली आणि नव्या गिलाव्यावरच रेघा ओढायला सुरुवात केली. खिडकी ठरली. ओट्याची दिशा ठरली. न्हाणीघराच्या फरशीचा रंग, ज्यावरून मागे दोन दिवस अबोला झाला होता, तोही ठरला. घरमालकीणबाई तर चक्क हसल्या.

इतक्यात बाहेरून "अगं, आहेस कुठे?" अशी हाक आली आणि दार सर्रकन उघडलं. दारात बाईंचा नवरा उभा होता, घामाघूम.

"केव्हाचा फोन करतोय! अडकलात की काय?"

घरमालकांनी सुटकेचा निःश्वास टाकून बाहेर पाऊल टाकलं. बाईंनी त्यांना बाही धरून मागे ओढलं आणि नवऱ्यावर खेकसल्या,

"बंद कर ते आधी! अजून जिना राहिलाय!"