नावे मावतील अशी पिकअप

तंजावूरच्या श्री मध्याह्न अन्नसेवा सभेने पिकअप गाडी विकत घ्यावी की लीजवर, या प्रश्नाचा निकाल लागला असून गाडी सभेच्या दारात उभी आहे. जेवण मात्र अद्याप गेलेले नाही. याविषयी गावात निरनिराळे बोलले जाते, म्हणून सभेची महिला सदस्य या नात्याने घडले तसे लिहून ठेवते.

पापनाशमच्या अलीकडे एक वृद्धाश्रम आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ कांजी मिळते. दुपारचे पान आमच्या सभेचे. भात, सांबार, एक भाजी, ताक. हे सगळे एका ऑटोतून जायचे. वाटेतल्या गतिरोधकांवर बरेचसे सांबार सीटलाच वाढले जाई आणि उरलेले निवून पोचे. तेव्हा गाडी हवी, यावर सभेत एकमत झाले. आमच्याकडे एकमत झाले की पुढे काहीतरी बिघडते, हे त्या दिवशी कोणाला आठवले नाही.

अध्यक्ष अनिरुद्धराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. घरी पाणी मागतानासुद्धा ते 'सदरहू तांब्या' म्हणतात, असे त्यांच्या पत्नी सांगतात. गाड्यांच्या व्यवहारातले कळते म्हणून त्यांनी आपल्या भाचीला, विनुताला, बैठकीला बोलावले. तिने सरळ सांगितले. विकत घेतली तर गाडी तुमची आणि दुरुस्तीही तुमची. लीजवर घेतली तर गाडी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, मुदत संपली की परत. दिवसातून एकदा पापनाशमला जाऊन यायचे, त्याला लीज पुरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे सकाळी मौन असते आणि बैठका सकाळीच भरतात. इतिवृत्तात माझ्या मौनाची नोंद 'जोरदार अनुमोदन' अशी होते.

एवढ्यात खजिनदार सूर्यनारायण म्हणाले, "सरी, ठीक आहे. नाव कुठं घालायचं?"

तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. पलीकडून नम्रपणे कळवण्यात आले की गाडीवर काही लिहिता येणार नाही. परत घेताना ओरखडाही चालत नाही.

"म्हणजे जेवण जाईल, लोक जेवतील, आणि पाठवलं कुणी ते कुणाला कळायचं नाही," अनिरुद्धराव म्हणाले. "मग पाठवलं कशाला?"

बाहेरगावच्या वाचकांना हे सांगायला हवे. आमच्याकडे देवाला काही दिले की त्यावर देणाऱ्याचे नाव घालतात. आमच्या देवळातल्या ट्यूबलाइटवर देणाऱ्याचे, त्याच्या वडिलांचे नाव आणि घराचा पत्ता इतक्या ठळक अक्षरांत आहे की उजेड अक्षरांच्या फटींतूनच येतो. पंख्यांच्या पात्यांवरही नावे आहेत. पंखा फिरला की ती वाचता येत नाहीत, म्हणून उत्सवात पंखे बंद ठेवतात. भाविक घाम पुसत वर बघतात.

लीजचा प्रस्ताव 'धार्मिकदृष्ट्या अपुरा' ठरवून फेटाळण्यात आला.

विकत घ्यायचे ठरताच देणगीदारांची रीघ लागली आणि नामस्थान उपसमिती नेमावी लागली. सर्वांत जास्त मागणी मागच्या फळीला होती, कारण रेल्वे फाटकापाशी अडकलेला मागचा माणूस ती निवांत वाचतो. ज्या कुटुंबाला फळी मिळाली त्यांनी अट घातली की गाडी हळू चालवावी आणि मागच्याला सहसा पुढे जाऊ देऊ नये. नावे तमिळमध्ये हवीत, लोकांसाठी. इंग्रजीत हवीत, अमेरिकेतल्या नातवंडांसाठी. आणि देवनागरीत हवीतच, पूर्वजांसाठी. ती वाचणारे आता बहुतेक तेच उरले आहेत.

लहान पिकअपवर एवढे मावेना. शोरूममधल्या माणसाने विचारले की माल किती वाहायचा आहे.

"मालाचं राहू द्या," अनिरुद्धरावांनी खिशातून टेप काढला, "बाजू केवढी रुंद आहे ते सांगा."

मग सर्वांत मोठी गाडी घेतली. बाजूचा पत्रा संपल्यावर नावे पुढच्या काचेवर चढली. ड्रायव्हरला रस्ता दिसावा म्हणून एका 'कै.' आणि त्यापुढच्या नावाच्या मध्ये फट ठेवण्यात आली. माझ्या सासऱ्यांचे नाव डाव्या मडगार्डवर आहे. देवळातून येता येता मी ते पदराने पुसते.

गाडी आल्याबरोबर ऑटोवाल्याला शाल घालून निरोप दिला. त्या दिवसापासून जेवण थांबले. तात्पुरतेच.

गाडी रीतीप्रमाणे वाहतूक कार्यालयात नेली. तिथले अधिकारी भाविक. त्यांनी चपला काढून गाडीला एक फेरी घातली. बरीच नावे त्यांच्या ओळखीची निघाली. मग ते म्हणाले, काच मोकळी करा, नंबरप्लेटवरचे कैलासवासी काढा आणि गाडी रस्त्यावर आणा. नाहीतर उभी करून ठेवायला काही हरकत नाही.

कोणाचे नाव काढायचे? उपसमितीने ठराव केला की एकदा दिवंगत झालेल्यांना पुन्हा दिवंगत करता येणार नाही. सबब गाडी उभी ठेवावी. पुन्हा ऑटो लावावा असे कोणी सुचवले, तर स्वतःची गाडी असताना ऑटो म्हणजे देणगीदारांचा अपमान, असे उत्तर मिळाले.

दरम्यान आश्रमातल्या वेंकूबाईंचा फोन आला. त्या अनिरुद्धरावांच्या आईच्या मैत्रीण, त्यांना लहानपणापासून ओळखतात. जेवण कधी येणार, एवढेच त्यांनी विचारले.

"अम्मा, गाडी आलीय. फोटो पाठवतो, बघा."

फोटो गेला. थोड्या वेळाने त्यांचा पुन्हा फोन आला. "बघितली रे बाळा. मोठी आहे. सांबार सांडलं तरी चालेल, ऑटोनंच पाठव."

अध्यक्षांनी 'लाभार्थींकडून वाहनाबद्दल समाधान व्यक्त' अशी नोंद करवून घेतली.

पुढच्या बैठकीला विनुता परत आली. ती म्हणाली, नावांना गाडी मिळाली, चांगले झाले. आता जेवणासाठी एक लहान पिकअप लीजवर घ्या. यात खोट काढता येईना. फक्त कोऱ्या गाडीचे दरमहाचे भाडे द्यायला कोणी पुढे येईना.

तेव्हा ती सभेच्या गच्चीवर गेली आणि गाडीकडे बघून खाली आली.

"मामा, टप कोरा आहे. अख्ख्या टपावर एकच नाव घालू या, हवं तेवढं मोठं. घेणाऱ्यानं लीजचं भाडं भरायचं. उद्यापासून जेवण सुरू."

सूर्यनारायणांनी दारातल्या गाडीकडे मान वळवली. "टपावरचं दिसणार कुणाला, पोरी?"

"देवाला," ती म्हणाली.

मग एकेकाने घरी विचारून कळवतो असे सांगितले, आणि सगळे पाया पडून, प्रसाद घेऊन उठले.

टप अजून रिकामा आहे. आश्रमात दुपारी पाने मांडतात, थोडा वेळ वाट बघतात आणि पाने गाईपुढे टाकतात. हे वाचून आपले मन द्रवले असेल, तर सभेला जरूर फोन करावा. मात्र मागची फळी कधी मोकळी होईल, असे कृपया विचारू नये. आजवर मन द्रवून आलेले सगळे फोन त्याचसाठी होते.