उजव्या हातानं काढलेलं पान

“ओ म्याडम! आज उलटा टांगलेला आलाय!”

सकाळी पावणेसातला भिंतीपलीकडून अशी आरोळी आली, तर नवखा माणूस सरळ पोलिसांना फोन करील. मी फक्त चहाचा कप खाली ठेवते आणि विचारते, “मग, काय म्हणतोय तो?”

“एस्टीला लोंबकाळतोय! गाडीला गर्दी हाय, पर निघालीया!”

ईरा, निहार, या आमच्या शेजारच्या आक्का मगदूम. तुम्हाला आठवत असतील. चार वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा निहारचा दात पडला होता. दात कौलावर फेकायचा असतो आणि आपल्या घराला कौलं नाहीत, म्हणून त्याला हाताला धरून स्वतःच्या गोठ्याच्या पत्र्यापाशी नेणाऱ्या त्या याच. दात पत्र्यावर टणकन वाजला तेव्हा गोठ्यातली म्हैस दचकली होती.

आक्का सत्तरीच्या आहेत. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. कसबा बावड्यात त्यांचा सगळा जन्म गेला. आता आजूबाजूला आमच्यासारख्यांचे बंगले उठले, तरी त्यांनी मधला गोठा आणि दीड एकर ऊस सोडलेला नाही. स्वतःबद्दल त्या ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. इकडच्या बायका तशाच बोलतात, त्यात चूक काही नाही. मी इथे नवी असताना एकदा सुधारायला गेले होते. आक्का म्हणाल्या, “कालिजातल्या पोरींस्नी शिकवा म्याडम. मी जातो, म्हशीची धार काढायची हाय.”

तर आरोळी कसली, ते सांगते. आक्कांकडे टॅरोच्या पत्त्यांचा जोड आहे. अठ्ठ्याहत्तर पानं, प्रत्येकावर एक चित्र, प्रत्येक चित्राला ठरलेला अर्थ. ज्यांना आवड असते ते रोज सकाळी एक पान काढतात आणि त्यावर शांतपणे मनन करतात. आक्का मनन करत नाहीत, जाहीर करतात.

त्यांच्यासारख्या कडक जैन बाईच्या घरात पत्ते, हेच मुळात नवल. आक्का कांदा-लसूण खात नाहीत, बटाटा खात नाहीत, सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात. मी एकदा म्हटलं, “आक्का, तुमच्यात पत्ते हे व्यसन मानतात ना?”

“खेळाय बंदी हाय. बघाय न्हाय,” आक्का म्हणाल्या आणि पानं पिसू लागल्या. पिसण्याची पद्धतही त्यांची स्वतःची. धान्य पाखडावं तशी सगळी पानं सुपात घालून हलवायची, मग डोळे मिटून डाव्या हातानं एक उचलायचं.

“डावाच का?”

“उजवा हात मनाचं ऐकतोय, म्याडम. डावा कुणाचं ऐकत न्हाय. खरं पायजे तर डावा.”

पानाला रोज प्रश्न एकच असतो, आणि तो आख्ख्या गल्लीला पाठ आहे. शीतल कधी येणार?

शीतल ही त्यांची एकुलती एक लेक. पुण्याला शिकली आणि आपल्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. सहा वर्षं झाली. मगदूम अण्णा तेव्हा होते. त्यांनी दारातच सांगितलं, “ह्यो उंबरा तुला बंद.” तीही त्यांचीच मुलगी. म्हणाली, “मीपण चढणार नाही.” पुढे अण्णा गेले तेव्हा ती नाशिकहून आली, पण रस्त्यावरूनच अंत्ययात्रेत सामील झाली आणि तिथूनच परत गेली. आता दोन महिन्यांतून एकदा फोन येतो. “बरी आहेस ना?” “हाय की.” एवढं झालं की संपतो. पत्त्यांचा जोड तिचाच. कपाटात जुन्या ओढणीत गुंडाळून राहिलेला.

पत्त्यांवर नावं इंग्रजीत आहेत. आक्का चित्र बघून अर्थ लावतात, आणि त्यांच्या हाती लागलं की कोणतंही चित्र नाशिकहून कोल्हापूरला यायला निघतं. घोड्यावर बसलेला मरणाचा सांगाडा आला, की “घोडं हाय म्हंजे परवास हाय.” वीज पडून कोसळणारा मनोरा आणि त्यातून खाली पडणारी दोन माणसं आली, की “बघा, जिना उतराय बी थांबली न्हाईत दोघं, इतकी घाई!” पाठीवर दहा काठ्यांचा भारा घेतलेला माणूस आला, की “उसाची मोळी घिऊन चाललाय. कारखान्याच्या ट्रॅक्टरबरबर यील.” उघडं मूल घोड्यावर बसलेलं असतं, त्या पानावर तर त्या फार खूश. “कापडं घालाय बी दम न्हाय बघा पोराला.”

आमच्या गल्लीतून सकाळी दूध संस्थेकडे किटल्या घेऊन जाणाऱ्यांची रांग असते. आक्कांच्या कट्ट्यापाशी सगळ्यांच्या गाड्या हळू होतात.

“काय आक्का, काय म्हणतंय पान?”

“निघालीया म्हणतंय.”

“काल बी निघालीच हुती की!”

“मग? लांब हाय नाशिक.”

“सा वर्सं झाली. चालत येतीया काय?”

“चालत यिऊ दे. तुझ्या फटफटीच्या आधी पोचंल. आधी त्या किटलीचं टोपण लाव, रस्त्याला दूध पाजतोयस!”

हसत हसत रांग पुढे जाते. आक्काही हसतात. मग रांग संपते, गल्ली रिकामी होते, आणि त्या अजून थोडा वेळ कोपऱ्याकडे बघत बसतात.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पहिलं पान जाहीर झालं, की आक्का सुपातून दुसरं एक पान काढायच्या. हे उजव्या हातानं. ते बघायच्या, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायच्या आणि आरोळी न देता परत ठेवायच्या. “हे कुणाचं?” मी विचारलं होतं. “हाय एकाचं,” एवढंच उत्तर मिळालं. आजऱ्याला त्यांचा भाऊ असतो. मी समजले, त्याचं.

आता माझी चूक सांगते.

तुमची आजी कशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या, औषधांना वारांचे कप्पे, टॉवेल कपाटात रंगाप्रमाणे. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर चुकीचा अर्थ ऐकला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. निहारनं फोनवर मला इंटरनेटवर शोधायला शिकवलं, त्याचा मी चांगला उपयोग केला. दोन आठवडे बसून अठ्ठ्याहत्तर पानांचे खरे अर्थ गोळा केले, सोप्या मराठीत उतरवले, छापून आणले आणि निळ्या फायलीत प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावला. अनुक्रमणिकाही केली. आक्कांना किती आनंद होईल, या विचारानं मीच खूश होते.

फाईल घेऊन गेले तेव्हा आरोळी होऊन गेली होती. आक्कांच्या हातात दुसरं पान होतं.

“या म्याडम, बघा की! काठी घिऊन निघालाय माणूस. वर चांद बी हाय. येतोय!”

चित्रात आठ पेले रचलेले होते. लाल कपड्यातला एक माणूस डोंगराच्या वाटेला लागला होता.

“नाही हो आक्का,” मी चष्मा लावत म्हटलं. “नीट बघा. त्याची पाठ आहे आपल्याकडे. तो येत नाहीये, जातोय.” आणि फाईल उघडून मी वाचूनही दाखवलं, स्वच्छ आवाजात, वर्गात वाचावं तसं. “जे आपलं होतं ते मागे ठेवून कायमचं निघून जाणं. पुन्हा वळून न पाहणं.”

आक्का पानाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

“व्हय का,” म्हणाल्या. पान सुपात ठेवलं, सूप उचललं आणि आत गेल्या. फाईल मी तिथेच कट्ट्यावर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी पावणेसात वाजले. आरोळी आली नाही. सात वाजले. दूधवाल्यांची रांग कट्ट्यापाशी हळू झाली आणि तशीच पुढे गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. गोठ्यात म्हशीची हालचाल ऐकू यायची, बादली वाजायची, पण माणसाचा आवाज नाही. मला तोवर कळलं नव्हतं की दिवसभरात माझ्याशी बोलणारा पहिला माणूस म्हणजे ती आरोळी. पुष्कळदा शेवटचाही. चौथ्या दिवशी किटलीवाल्यांपैकी एकानं गाडी माझ्या फाटकापाशी थांबवली.

“म्याडम, आक्का आजारी हाईत व्हय?”

“नाही.”

“मग पान का सांगंनात?”

मी त्याला काय सांगणार? पान भावाचं का असेना, एका आईला मी छापील पुराव्यानिशी सांगितलं होतं की तुझी मुलगी परत यायची नाही. सूर्य मावळायच्या सुमाराला मी भिंतीला वळसा घालून त्यांच्याकडे गेले. आक्कांचं जेवण झालं होतं. ताट घासून उपडं घातलेलं. पुढची सगळी संध्याकाळ मोकळी. त्या परातीत शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आक्का, ती फाईल परत द्या. त्यात चुका आहेत,” मी म्हटलं. सत्तर वर्षांत इतकं धडधडीत खोटं मी बोलले नव्हते.

“चुका कुठल्या? बराबर हाय सगळं.” त्यांनी सूप पुढे ओढलं, पानं चाळली, आठ पेल्यांचं पान काढून माझ्या हातात दिलं. “कडंला बघा.”

मी चष्मा लावला. पानाच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘सोडून जाणे.’ मी दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं. प्रत्येकावर होतं. शीतलचं अक्षर.

“सातवी झालोय मी, म्याडम. वाचाय येतंय.”

“म्हणजे तुम्हाला सगळे अर्थ ठाऊक होते?”

“पैल्यापास्नं.”

“मग रोज ते ‘निघालीया, निघालीया’...”

आक्कांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे परातीत पडले.

“ती गेली हे पानानं कशाला सांगाय पायजे? मी दारातच उभारलो हुतो की. ह्यांनी उंबरा बंद म्हटलं. ती माझ्याकडं बघत हुती. आई कायतरी बोलंल म्हणून. मी एक शब्द बोललो न्हाय, म्याडम. पदर धरून उभारलो.” त्यांनी टरफलं बाजूला सारली. “म्हणून आता बोलतो. रोज. मोठ्यांदा. तिला ऐकू जाईना का, पर म्या बोलाय पायजे.”

मीही एक शेंग उचलून फोडली. म्हटलं, “मग माझ्या फायलीमुळे तुम्ही का थांबलात? त्यात तुम्हाला नवीन काहीच नव्हतं.”

“त्ये पान शीतलचं कुठं हुतं?”

“मग?”

“तुमचं हुतं की ओ.” आक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तुमच्या नातवंडांचं. तुमचं सायेब गेल्यापास्नं बघतोय. रोज सकाळी तुमी वरच्या खोलीच्या खिडक्या उघडताय, सांजला लावताय. कोण न्हाय तितं. म्हटलं, माझं एक काढतोय, त्यांचं एक काढाय काय जातंय? तुमी शिकल्याल्या, असलं मानायच्या न्हाय, म्हणून वरडलो न्हाय कधी. आणि त्या दिवशी तुमी तुमच्याच तोंडानं वाचलं. कायमचं गेल्यात म्हणून. मग मला बी वरडाय येईना झालं. माझी येतीया म्हणून कसं वरडू? तुमी पलीकडं च्या पीत ऐकणार.”

मी भिंतीकडे बघितलं. तिच्यावरून माझी वरची खोली दिसत होती, पडदे सारख्या चुण्यांचे, दोन्ही खिडक्या उघड्या. त्या दिवशी मी लावायला विसरले होते.

“उजव्या हातानं काढता ते,” मी म्हटलं.

“मग? दुसऱ्याचं काढताना खरं कशाला काढायचं?” आक्का म्हणाल्या आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

दाणे संपेपर्यंत आम्ही बसलो. उठताना मी त्यांना एवढंच म्हटलं, की उद्यापासून दोन्ही पानं ओरडून सांगा, मला एका कानानं कमी ऐकू येतं. हेही खोटंच.

मुलांनो, हे तुम्ही मनावर घेऊ नका. शाळा असतात, आईबाबांच्या नोकऱ्या असतात, तिकिटं महाग असतात, हे मला समजतं. पत्त्यांवर माझा विश्वास नाही, हेही लिहून ठेवते. फाईल मी परत आणली आहे आणि माळ्यावर ठेवली आहे, नीट, नाव घालून.

पण आज सकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिलं पान आलं, हातात कंदील घेतलेला म्हातारा. “अंधार हाय पर वाट दिसतीया, निघालीया!” मग जरा वेळ गेला. सूप हललं.

“ओ म्याडम! तुमचं आलंय! पोरगं गाठोडं घिऊन निघालंय, वर बघत. आणि पायात कुत्रं हाय! तुमच्या पोरांकडं कुत्रं हाय न्हवं?”

“आहे!” मी ओरडले.

“मग ते बी येतंय!”

कुत्र्याला विमानातून इतक्या लांब आणणं फार कठीण असतं, त्याला दाखले लागतात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी बोलले नाही. वर गेले, तुमच्या दोघांच्या गाद्या गच्चीत उन्हाला टाकल्या, आणि कपाटाच्या तळातून एक जुनी सतरंजी काढून तीही झटकून ठेवली.