सहा किलोची रंगीत तालीम

सात दिवसांच्या बोटीच्या सहलीला माणसाला सामान लागतं किती? सहा किलो! लिहून घ्या माझ्याकडून. पेन नसेल तर मी देणार नाही, कारण मी एकच बाळगतो. दोन पेन घेऊन फिरणाऱ्यावर माझा भरवसा नाही.

आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घरात मात्र हे कोणाला पटत नाही. मागे पुरीला गेलो तेव्हा चार दिवसांसाठी माझ्या बायकोनं, मंजिरीनं, सामानाचे पाच डाग नेले होते. त्यात कुकर होता! स्टेशनवर हमालानं विचारलं, "भैया, मकान बदल रहे हो क्या?"

यंदा लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून लक्षद्वीपच्या क्रूझची दोन तिकिटं काढली. सोळा तारखेला मुंबईहून बोट. मंजिरी लग्न झाल्यापासून "मले समुद्रात बोटीवर बसायचं" म्हणून राहिली होती, आणि मी तिला दर वर्षी बूढा तालाबात चक्कर मारून आणत होतो.

"दोन मोठ्या सुटकेस लागतील," ती म्हणाली.

"सहा-सहा किलोच्या दोन बॅगा! बस."

"बोलाले काय जाते जी? राहून दाखवा."

"दाखवतो! शनिवार-रविवार या बॅगेतल्या कपड्यांवरच राहतो. कपाट उघडलं, तर तुझ्या दोन्ही सुटकेस मी उचलीन. तोंडातून आवाज नाही काढणार!"

माझे वडील, नाना, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. काट्यावर चढल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. त्यांनी मला आधी नुसतं काट्यावर उभं केलं, मग बॅग घेऊन.

"तू अठ्ठ्याहत्तर. बॅगसकट चौऱ्याऐंशी. बराबर सहा," त्यांनी जाहीर केलं, कपाटाला कुलूप घातलं आणि चाबी करगोट्याला बांधली.

बॅगेत काय होतं? पंडरीच्या बाजारातून आणलेले पोपटांचे तीन शर्ट, नारळांच्या दोन चड्ड्या आणि एक फुलपँट. रोज एक धुवायचं, एक वाळवायचं, एक घालायचं. शनिवारी, सात तारखेला, सकाळी उठलो आणि पहिले फुलपँट धुतली. तालीम म्हणजे तालीम!

साडेनऊला ऑफिसातून पिंकी मॅडमचा फोन.

"सर, साहब आज छुट्टी के दिन भी बैठे हैं. ग्यारह बजे दिल्ली निकल रहे, सीधे पंद्रह दिन के लिए. आपकी छुट्टी का कागज वैसा ही पड़ा है. आके साइन करवा लो!"

सही नाही तर सुट्टी नाही, आणि सुट्टी नाही तर क्रूझ नाही! तारेवर पँट टपटप गळत होती. अंगावर पोपट आणि नारळ.

नानांनी चाबी पुढे केली. "घे. पण उघडलं का हरला."

"अहो, घ्या ना चाबी!" मंजिरी कळवळून म्हणाली. "पैज गेली खड्ड्यात! नाही नेत मी सुटकेस, झालं?"

तिथं गप चाबी घेतली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी म्हणालो, "दया नको मला!"

ओली पँट गाडीच्या काचेत अडकवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. नवा रायपूरच्या त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर गाडी ऐंशीनं सोडली की पँट वीस मिनिटांत कडक वाळणार, हा हिशोब. वाळतही होती! ऑफिसाच्या अलीकडे आतली बाजू बाहेर काढावी म्हणून काच जरा खाली घेतली आणि पँट गेली. आरशात पाहिलं तर तिच्यावरून डंपर जात होता.

गेटवरचा गार्ड मला रोज सलाम करतो. त्या दिवशी म्हणाला, "भैया, टूरिस्ट लोग का ऑफिस इधर नहीं है."

साहेबांनी पोपटांपासून नारळांपर्यंत मला एकदा पाहून घेतलं. फार मनमिळाऊ माणूस!

"अरे शिशिर जी, आप तो निकल ही चुके थे!"

"सर, वो ट्रायल..."

"समझ गया. फॅमिली नीचे गाड़ी में बैठी होगी. एक साइन के लिए आपको रास्ते से लौटना पड़ा, सॉरी!" त्यांनी सही केली, लाल पेनानं वर स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या आणि माझा हात हलवला. "जाइए जाइए, फ्लाइट छूट जाएगी!"

कागदाची घडी करून चड्डीच्या खिशात घातली आणि गाणं म्हणत घरी आलो.

"जिंकलो! कपाट बंद, सुट्टी मंजूर!"

मंजिरीनं कागद उघडला. तिचा चेहराच उतरला. "अहो, हे काय लिहून राहिले तुमचे साहेब?"

सोळा ते तेवीस ही तारीख खोडलेली. वर लाल शाईत, 'आज से आठ दिन. तुरंत कार्यमुक्त करें.' म्हणजे सात ते चौदा. सोळाला, बोट सुटायच्या दिवशी, मी ऑफिसात हजर!

साहेबांना फोन लावला, बंद. मेसेज पाठवला. संध्याकाळी उत्तरादाखल नारळाच्या झाडाचं चित्र आलं. सोमवारी पिंकी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "साहब का लिखा मैं कैसे काटूं सर? और आप छुट्टी में ऑफिस काहे फोन कर रहे?"

खरं सांगतो, फार वाईट वाटलं. वीस वर्षं वाट पाहिलेली बाई, आणि मी एका पँटीपायी माती केली! मंजिरी म्हणाली, "राहू द्या, मीबी नाही जात." तेव्हा मात्र मी हट्टाला पेटलो. तिकिटावर माझ्या जागी तिच्या बहिणीचं, नागपूरच्या गंधालीताईंचं नाव चढवलं. आठ दिवसांची सुट्टी मी घरीच काढली, पोपटांत.

पंधरा तारखेला त्या निघाल्या. दोन मोठ्या सुटकेस मीच गाडीपर्यंत उचलल्या, पैज जिंकून! माझी छोटी बॅग गंधालीताईंनी नेली, नुसत्या चपलांसाठी.

नानांनी एकेक डाग काट्यावर चढवून कागदावर बेरीज केली होती. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"नाराज नको होऊ. तू म्हणत होता ना, सामान कमी करा? केलं तिनं. पुरे अठ्ठ्याहत्तर किलो घरीच ठेवून गेली."