सर्जेरावांचं अर्थिंग

साखर कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन म्हणून काढलेल्या माणसाला मोटारीची एक वायर जोडायला किती वेळ लागावा? सर्जेरावांच्या मते पान खाऊन होईस्तोवर. लागला सबंध रविवार, पण ते जाऊ द्या. वडिलांची, म्हणजे आबांची, जुनी अँबॅसिडर अकरा वर्षं पेट्रोल किती आहे ते सांगत नव्हती. टाकीकडून काट्याला जाणारी वायर उंदरांनी कुरतडली होती, आणि टाकीत काडी बुडवूनच वरवंड गावात ही गाडी चालायची. सर्जेराव गाडीखाली शिरले, वायर जोडली आणि कारखान्याच्या सवयीनं तिला पक्कं अर्थिंगही देऊन टाकलं. दिसेल त्याला अर्थिंग द्यायचं, हा त्यांचा बाणा. किल्ली फिरवली आणि काटा थेट फुलवर!

त्या दिवशी अर्ध्या गावानं येऊन काटा बघितला. ज्यांना बघायचा नव्हता त्यांनाही बघावा लागला.

बुधवारी लेकीचा, सायलीचा, साखरपुडा निमोण्याला होता. मुलगा विश्वजीत म्हणाला, "आप्पा, भाड्याची मोठी गाडी सांगतो. हे धूड पाव्हण्यांम्होरं नको."

"आबांची गाडी हाय. सायली हिच्यातनंच जाणार."

"जाऊ द्या. पण हिनं दगा दिला तर दुसऱ्या दिवशी भंगारात. कबूल?"

"कबूल," सर्जेराव म्हणाले. काटा फुलवर असल्यावर माणूस काहीही कबूल करतो.

निघताना बायको, तुळजाबाई, म्हणाल्या, "अहो, एकदा काडी घालून बघा की."

"बत्तीस वर्षं सर्व्हिस केलेल्या माणसाला काडी दावतीस?"

चौफुल्याला पंप दिसल्यावर विश्वजीतनं विचारून बघितलं. "फुल टाकीत कुठं ओतू, माझ्या टोपीत?" सर्जेरावांनी गाडी तशीच दामटली.

केडगाव गेलं, भीमेचा पूल गेला, न्हावरं गेलं, तरी काटा जागचा हलला नाही. सर्जेरावांना भरून आलं. "बघ, पन्नास वर्षांची झाली पण खाणं कसं बेताचं. तुमच्या नव्या गाड्या नुसत्या पीत सुटत्यात."

निमोणं दीड किलोमीटर राहिलं, तेव्हा गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याला दोर बांधून मंडळी मांडवाच्या दारात पोचली. मागच्या सीटवर सायली पदर तोंडाला लावून हसू दाबत होती.

फेटे बांधलेले वीसेक पाहुणे बॉनेटभोवती जमले. व्याही भारतराव आत डोकावून म्हणाले, "टाकी तर फुल हाय. मग झालं काय?"

आता सांगायचं काय? काटा खोटा म्हणावं, तर बत्तीस वर्षं पाण्यात गेली. सर्जेराव खाकरले. "इंजिन गेलं असणार."

"मग गाडी गेलीच म्हणायची," भारतराव हळहळले.

विश्वजीतनं तिथल्या तिथं फोन लावला. "आप्पा, भंगारवाला उद्या सकाळी येतोय."

सर्जेरावांनी गाडीकडं बघितलं. याच गाडीतून तुळजाबाई नवरी होऊन घरी आल्या होत्या. आबांचा शेवटचा दवाखानाही हिनंच केला होता. तुळजाबाई गाडीच्या दारावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. ते मात्र सर्जेरावांना बघवेना.

"फोन ठेव," ते म्हणाले. "इंजिनाला काय धाड भरलेली न्हाई. पेट्रोल संपलंय."

"आन् काटा?" भारतरावांनी विचारलं.

"काटा मी दुरुस्त केलाय. अर्थिंग दिल्यापास्नं फुलवरच अडकलाय." सर्जेरावांनी टोपी काढून हातात घेतली. "गाडी चांगली हाय पाव्हणं. वायरमन बाद हाय."

अख्खा मांडव हसला. कुणीतरी मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून आणलं. थोडी कुरकुर करून गाडी सुरू झाली आणि अशी गुरगुरायला लागली, की तेवढ्यातही सर्जेरावांची छाती दोन इंच फुगली. विश्वजीतनं मुकाट्यानं भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

भारतरावांनी बॉनेटवर थाप मारली. "एक नंबर इंजिन हाय. असली गाडी मोडायची नसती."

मग सर्जेरावांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्यांना जरा बाजूला नेलं.

"सम्राटसाठी, म्हंजी तुमच्या जावयासाठी, नवा बंगला बांधतोय. त्याची वायरिंग तुमच्या हातनं करून घ्यायची, असं घरात ठरलं होतं."

"व्हय?" सर्जेराव फुलले.

"तेवढं आता राहू द्या."