डोळे नसलेल्या आईचं मत

तांबुळगावात शाळा समितीच्या निवडणुकीत मुलांनी काढलेल्या चित्रांना मतदानाचा हक्क आहे. पालकांना एक मत, चित्राला एक मत, आणि त्यात नवल वाटावं असं गावात कुणाला काही दिसत नाही. मोठ्या माणसाने चित्र सुधारलं की ते मतदार राहत नाही, एवढाच काय तो नियम.

या खेपेला चित्रकलेच्या गुरवबाई उभ्या राहिल्या. हौस म्हणून नव्हे हो. माईक दिसला तरी बाईंना घाम फुटायचा. निवृत्त झाल्यावरही शुक्रवारचा तास त्या फुकट घ्यायच्या. पण समितीला त्या तासाला स्कॉलरशिपचा जादा वर्ग हवा होता. तास गेला की चित्रांचं कपाट रद्दीत जाणार, हेही ठरलेलंच.

समोर होते सरनोबत सर. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर मोकळी जागा दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. खिशात पेन घेऊनच ते प्रचाराला निघाले. दार नसलेल्या घराला म्हणाले, दार देतो. हात नसलेल्या पोलिसाला म्हणाले, हात देतो.

"अहो सर, मग ते मत बाद होईल," बाई म्हणाल्या.

"मत पडल्यावर काढेन ना. मग बाद झालं तर कुणाचं काय जातं?"

बाईही घरोघर फिरल्या. चित्र हातभर लांब धरायचं आणि हळू बोलायचं, नाहीतर खडू झडतो. पाच पायांच्या गाईने विचारलं, "माझा पाचवा पाय राहील ना?"

"तुझा आहे बाई तो. खोडणारी मी कोण?"

घोडं अडलं ते कपाटातल्या एका चित्रापाशी. निकिता लोहारने काढलेली 'माझी आई'. हिरवी साडी, हातात पातेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पण चेहऱ्याला डोळे नाहीत. ते पुढच्या तासाला काढायचे होते. त्याच आठवड्यात निकिताची आई तापाने गेली, आणि बाप पोरीला घेऊन आत्याच्या गावी निघून गेला.

"सर म्हणतात, मत टाकलंस की लगेच डोळे रंगवून देतो," चित्रातली आई म्हणाली. "तुम्ही काय देता?"

बाईंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. दोन टिंबांचं तर काम. त्यांचा हात वर गेला आणि तिथेच थांबला. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, हे त्यांनी उभा जन्म पोरांना सांगितलं होतं.

"मी काही देत नाही," बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं. "तास राहिला तर तुझा कागद राहील. पोर परत आली तर तिच्या हाताने तुला दिसेल. नाहीच आली, तर तू अशीच राहशील. खोटं कशाला बोलू?"

"सरांनी रंगवले तर मला दिसणार नाही का?"

"दिसेल की. पण सरांनी तुझे डोळे कधी पाहिले नाहीत. निकिताने पाहिलेत."

बाईंनी कागद अलगद कपाटात ठेवला.

मतदानाच्या दिवशी निवडणूक अधिकारी ढवळेसाहेबांनी नियम चाळले. "अंध मतदाराला सोबती नेता येतो. मात्र चित्राचा सोबती चित्रच हवा."

गाय पुढे झाली. "पाच पाय चालतील का?"

"पायांबद्दल नियमात काही नाही," साहेब म्हणाले. त्यांनी आईच्या बोटाला शाई लावली आणि गाईच्या पाचव्या खुराला.

बाई एका मताने निवडून आल्या. सरांनी स्वतःसाठी आणलेला हार बाईंच्या गळ्यात घातला. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

पहिल्याच बैठकीत शाळाबाह्य मुलांच्या शोधाचं काम गाईकडे सोपवण्यात आलं. एसटीत तिला तिकीट पडलं नाही. कागदाला पडत नाही. निकिता आत्याकडे धुणीभांडी करत होती. बाप काही केल्या ऐकेना, तेव्हा गाय त्याच्या दारात बसली ती उठेचना. लोक बघायला लागले. शेवटी तो म्हणाला, "चल माय, जिंकलीस तू," आणि त्याने पोरीचं दप्तर शोधायला घेतलं.

शुक्रवारी निकिता वर्गात आली. बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने तो वरून खालून पाहिला.

"बाई, हिला कुणी हात लावला नाही ना?"

"नाही ग बाळा."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली. निकिता थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग जीभ दातात धरून तिने एक डोळा रेखला, आणि मग दुसरा, जरासा तिरपा.

आईने आधी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग पोरीकडे नीट पाहिलं.

"किती वाळलीस ग," ती म्हणाली.