जावयाला मानवेल असा खेळ

जावई सासुरवाडीला खेळात हरल्याची घटना आपल्या समाजात आजवर नोंदली गेलेली नाही. यावरून जावई ही जमात उपजतच कुशल असते, हे सिद्ध होतं. दुसरा काही अर्थ निघत असल्यास तो माझ्या ध्यानात आलेला नाही. मी सरकारी कार्यालयात टिपण्या लिहितो आणि स्वतः जावई आहे, म्हणजे या विषयात दोन्ही बाजूंनी अधिकारी माणूस.

माझी सासुरवाडी सोलापुरातच. सासरे अण्णाराव, चादरींचे व्यापारी. यंदा ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला आणि धाकट्या जावयांचं, शिवकुमारांचं, पहिलं धोंडेजेवण ठरलं. पुरणाचे धोंडे, चांदीचं निरांजन, सगळं रीतसर. पण या खेपेला एक काम अडकलेलं होतं. शिवकुमारांची बायको, म्हणजे माझी मेहुणी काव्या, हिला अक्कलकोटच्या एका शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी चालून आली होती. शाळा जूनमध्ये उघडणार. शिवकुमार 'नाही' म्हणाले नव्हते, 'बघू' म्हणाले होते. (आमच्या कार्यालयात 'बघू' असा शेरा पडलेली फाईल मी पुन्हा पाहिलेली नाही.)

काव्या मला म्हणाली, "दाजी, ही नोकरी गेली तर मी जन्मभर गॅलरीत उभी राहून दुसऱ्यांच्या पोरांना टाळ्या वाजवीन."

शाळेत असताना ही पोरगी गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आली होती. मला खरंच फार वाईट वाटलं.

जेवणानंतर पाहुणे खुशीत आले की विषय काढायचा, असं ठरलं. खुशीची सोय म्हणून मेहुणा अनिलकुमार यानं पुण्याहून टीव्हीला जोडायचं ते यंत्र आणलं. हातात कांडी धरून आपण हवेत हात मारायचा, की पडद्यावरचा माणूस तस्साच हात मारतो. सोबत पाच खेळ होते. त्यांतला कुठला लावायचा हे ठरवायला समिती नेमली गेली. अध्यक्ष अण्णाराव. तांत्रिक सल्लागार मी, कारण लग्न झाल्यापासून या घरात मी कॅरमचा एकही डाव हरलेलो नाही. (आमच्या कॉलनीत मी एकही डाव जिंकलेलो नाही. तिथला बोर्ड सदोष आहे.)

अण्णारावांनी धोरण स्पष्ट केलं. "पावणं हारलं न्हाय पायजेत. पोरीचं काम हाय की."

छाननी सुरू झाली. बॉक्सिंगचा खेळ सगळ्यांत जोरदार होता, परंतु त्यात मेहुण्यानं जावयावर हात उगारावा लागतो. पडद्यावर का होईना, उगारलेला हात तो उगारलेला हात. खेळ बाद झाला. नाचाच्या खेळात यंत्र स्वतःच गुण देतं, आणि चुकलं की 'पुन्हा प्रयत्न करा' असं सगळ्यांसमोर लिहून दाखवतं. ज्या यंत्राला जावयाशी कसं बोलावं हे कळत नाही, त्याच्या हाती घरची अब्रू कशी द्यायची? तोही बाद. स्वयंपाकाचा एक खेळ होता, घड्याळ लावून कांदे चिरायचे. सासूबाई ईरम्मा दारातूनच कानडीत "बेडा, बेडा", म्हणजे नको नको, म्हणाल्या. जावयानं सासुरवाडीत कांदा चिरायचा हा विचारच त्यांना नको होता. गाड्यांची शर्यत मला बरी वाटली होती, पण चाचणीत मीच दोनदा समुद्रात गेलो. शिवकुमारांनी नुकतीच नवी गाडी घेतलेली. अपशकुन नको म्हणून तीही सोडली.

उरलं बोलिंग. चेंडू घरंगळत सोडायचा आणि समोरच्या बाटल्या पाडायच्या. या खेळाचं मोठेपण समितीच्या चटकन लक्षात आलं. यात हरण्याची उत्तम सोय आहे. मनगट जरा वळवलं की चेंडू बाजूच्या नालीत, आणि कुणाला संशय नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला.

आता हरणार कोण, हा प्रश्न होता. अनिलकुमारचा अभिनय कच्चा. माझं म्हणाल तर मी मुळातच जिंकतो. राहिली काव्या.

काव्याला हरताच येईना. नालीकडे म्हणून टाकला तरी चेंडू सरळ जायचा आणि सगळ्या बाटल्या आडव्या. ईरम्मांनी कपाळावर हात मारला. शेवटी माझी पत्नी महेश्वरी पदर खोचून उठली आणि धाकट्या बहिणीला शिकवू लागली. सगळेच चेंडू नालीत घालायचे नाहीत, त्यात समोरच्याचा अपमान होतो. आधी चांगलं खेळायचं, त्याला घाम फुटू द्यायचा, आणि अगदी शेवटी मनगट वळवायचं. मग 'अय्यो' म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं नाही.

इतकं बारीक ज्ञान तुला कुठून आलं, असं मी तिला कौतुकानं विचारलं. सवयीनं, असं ती म्हणाली. मुळात हुशारच आहे ती.

रविवारी जेवणं झाली. कूलर लावला, टीव्ही लावला. पहिल्यापासून काव्या शिवकुमारांच्या बरोबरीनं राहिली. त्यांना घाम फुटला. शेवटचा चेंडू तिचा होता. तिनं हात मागं नेला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या लग्नातही पाहिलेलं नव्हतं. हा चेंडू सरळ जाणार, असं सगळ्यांनाच वाटलं. अण्णारावांनी डोळे मिटले.

मनगट वळलं. चेंडू नालीत गेला.

"अय्यो," काव्या म्हणाली.

शिवकुमार उठले. सगळ्यांसमोर तिचं मनगट धरून त्यांनी ते सैल का सोडायचं नसतं हे समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. मग ते आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हिला काय खेळ येत न्हाय बघा. पण जाऊ दे शाळेत. अडलं तर मी हाय की शिकवायला."

काव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हरल्यामुळे आलं असं समजून शिवकुमारांनी तिला आणखी दोन युक्त्या सांगितल्या. जिल्ह्यातली पहिली गोळाफेकपटू त्या लक्ष देऊन ऐकत होती.

मला शिवकुमारांची कीव आली. चांगला शिकला-सवरलेला माणूस, आणि इतकं साधं कळू नये? माझा विरस झाला असावा असं वाटून ईरम्मांनी लगेच थोरल्या जावयांसाठी कॅरम बोर्ड काढला, पावडर टाकली. समोर महेश्वरी बसली. डाव अटीतटीचा झाला. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी होती आणि मारायची पाळी तिची होती. तिचा नेम हुकला. पुढच्या फटक्यात मी राणी घेतली.

समोरून 'अय्यो' असं ऐकू आलं. मोठ्यानं नव्हतं.

मी डाव जिंकला. लग्नापासूनची माझी परंपरा अबाधित आहे, आणि तिच्याबद्दल घरात कुणाला काही विचारावं असं मला वाटलेलं नाही. तुम्हीही सासुरवाडीला पत्त्यांत, कॅरममध्ये जिंकतच असणार. समोर कोण बसलं होतं ते आठवून बघा, पण विचारू नका. वाचणाऱ्या बाई असतील, तर त्यांना आठवायची गरज नाही. त्यांनी फक्त हसू आवरावं. शेजारी नवरा बसलेला असायचा.