चालायची चोरी

फ्रीजरमधून नाहीशी झालेली मटारची पिशवी.
धावत आणलेला चहा, निम्मा बशीत.
एक ओला पायमोजा.
‘चित्ता’ हे कोरं करकरीत टोपणनाव.

सगळ्याचं मूळ अग्निशमन केंद्रातल्या नव्या जवानाच्या नडग्यांत होतं. रोज शिडी खांद्यावर घेऊन पळायचं, वाळूच्या गोण्या उचलायच्या. नडग्या ठणकायला लागल्या. पण नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि लंगड्या जवानाला कायम कोण करणार? तेवढ्यात त्याला शोध लागला: चाललं की लंगडणं दिसतं, दात-ओठ खाऊन पळालं की दिसत नाही.

मग काय, तो पळायलाच लागला. हजेरीला पळत, जेवायला पळत, संडासलासुद्धा पळत.

“शिका जरा या चित्त्याकडून!” केंद्रप्रमुख साहेब बाकीच्यांवर कडाडले. “आजपासून इथे कुणी चालताना दिसता कामा नये. मीसुद्धा पळणार!”

“आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं रे?” ड्रायव्हरने धापा टाकत विचारलं.

शाबासकी म्हणून साहेबांनी चित्त्याच्या गोण्या दुप्पट केल्या. त्या रात्री तो नडगीवर मटार ठेवून कण्हत असताना बायकोने पिशवी हिसकावली.

“भाजीला काय घालू, तुमचा पाय? उद्या मुकाट्याने फिजिओथेरपीच्या बाईंकडे जायचं.”

“हाड मोडलंय असं निघालं तर नोकरी जाईल गं!”

“आणि नाही गेलात तर पाय जाईल. बोला, काय ठेवायचंय?”

दवाखान्यात बाईंनी नडगी दाबली. त्याने दवाखाना डोक्यावर घेतला.

“हाड शाबूत आहे,” बाई म्हणाल्या. “अति ताणाने सूज आलीय. पळणं आणि ओझी काही दिवस बंद, मग हळूहळू सुरू. होईल बरं.”

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. “पण बाई, आमच्या साहेबांना कोण सांगणार? त्या माणसाला पळण्याचं वेड लागलंय!”

पडद्यापलीकडून ओळखीचा खोकला आला. पडदा सरकला. अर्ध्या चड्डीत, दोन्ही नडग्यांवर बर्फ बांधून साहेब आडवे झाले होते.

“चित्त्या,” ते क्षीण आवाजात म्हणाले, “तू कधीतरी थांबशील, या आशेवर मी पळत होतो रे.”

“आणि मी चालता येत नाही म्हणून, साहेब!”

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचं पोट हसण्याने गदगदू लागलं.

“साहेब... माझ्या नोकरीचं?”

“पक्की समज. फक्त उद्या सगळ्यांसमोर आधी तू चालून दाखव. मागून मी येतो.”

एवढ्या पळापळीच्या त्या अख्ख्या महिन्यात आगीचा एकही फोन आला नव्हता.